पेढीवरील बैठक आणि पाठीचा कणा

व्यापारी कुटुंबांच्या जुन्या पेढ्यांवर पांढरी गादी, पाठीशी लोड आणि पुढे उतरत्या झाकणाचे डेस्क अशी बैठक असे. मुनीम कधी मांडी घालून, तर कधी एक गुडघा उभा करून कीर्द-खतावणी लिहीत. ही बैठक सर्वस्वी निर्दोष नव्हती. परंतु उतरत्या डेस्कामुळे मान कमी वाके आणि ऐसपैस गादीवर आसन सहज बदलता येई. आता तेथे काउंटर, संगणक व खुर्ची आली आहे. खुर्ची घेताना मात्र तिची किंमत आणि रुबाब पाहिला जातो, बसणाऱ्याचे माप नव्हे.

खुर्चीत बसताच कटिभाग मागे कलतो आणि कमरेची नैसर्गिक कमान सपाट होऊ लागते. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकून बसल्यास तो उभे राहण्याच्या तुलनेत बराच वाढतो, असे त्यांना आढळले. नंतरच्या मोजमापांतही हेच दिसून आले. शिवाय, झुकलेले धड सावरण्यासाठी पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि ते थकतात.

हे वाकणे पुष्कळदा सवयीपेक्षा खुर्चीच्या घडणीतून येते. आसन फार खोल असल्यास पाठ टेकत नाही. उंच असल्यास पाय लोंबकळतात व मांडीखालचा भाग दाबला जातो. टेबल उंच असल्यास खांदे उचलले जातात, तर पडदा खाली असल्यास मान झुकते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पावले जमिनीवर सपाट टेकावीत. टेकत नसल्यास पायांखाली पाट ठेवावा. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांचे अंतर असावे. कमरेच्या पोकळीत आधार हवा. गुंडाळलेला टॉवेलही चालतो. टेबल कोपराच्या उंचीचे आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. एकाच खुर्चीवर वडील, मुलगा आणि हिशेबनीस आळीपाळीने बसत असतील, तर उंची बदलता येणारी खुर्चीच घ्यावी.

तथापि, उत्तम खुर्चीतही अखंड बसणे हितावह नाही. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. गल्ल्यावरची जागा मानाची खरी. पण तेथे दिवसाचे दहा तास बसणारा मालक असो वा नोकर, पाठ दोघांचीही सारखीच दुखते. म्हणून खुर्ची निवडताना त्या दोघांनाही आधी तिच्यावर बसवून पाहावे.