इंजिन बदलताय? आधी रेडिएटर पाहा

रायगडच्या किनाऱ्यावर म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड भागात जुन्या जीपवर आजही काहींचा धंदा चालतो. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९७९ साली महिंद्रा कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. पुढे ही इंजिने जुन्या जीपमध्येही बसू लागली. इंजिनाचा भाव सगळे करतात, रेडिएटरचा विचार कुणी करीत नाही.

आम्हीही केला नव्हता. आमच्या कापड दुकानाच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले आणि रेडिएटर जुनाच ठेवला. सपाटीवर गाडी महिनाभर ठीक चालली. मग माणगावच्या एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा बस्ता घेऊन निघालो, तर घोणसे घाटात पाणी उकळले आणि हेड गॅस्केट गेली. माल दोन दिवस उशिरा पोचला. दुरुस्तीचा खर्च भरून निघाला, पण ते गिऱ्हाईक कायमचे तुटले.

व्यापारी बंधूंनो, हिशेब सोपा आहे. इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्यात उतरतो. म्हणजे ६० हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण जोर लावते तेव्हा सुमारे ४५ किलोवॅट उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. दीड किलोवॅटच्या तीस शेगड्या एकदम पेटवल्यासारखे आहे हे! म्हणून रेडिएटर इंजिनाच्या ताकदीवरून निवडावा, गाडीच्या तोंडावरून नव्हे. उत्तम मार्ग हाच, की तेच इंजिन कारखान्यातून ज्या गाडीत येते, तिच्या रेडिएटरचे माप घ्यावे आणि त्याहून लहान बसवू नये.

जागा कमी असली की मिस्त्री जाड जाळी सुचवतात. पण पुढच्या नळ्यांवरून गेलेला वारा गरम होऊनच मागच्या नळ्यांपर्यंत पोचतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या ओळीचा फायदा कमी होत जातो. जमेल तितकी रुंद व उंच जाळी घ्यावी, जाडी नंतर पाहावी.

आमचा खरा दोष पंख्यात निघाला. नवे इंजिन थोडे मागे बसले होते, पंखा जाळीपासून दूर पडला आणि त्याला कव्हर नव्हते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालते तेव्हा समोरून वारा फारसा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते. कव्हर नसेल तर पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवतो. त्यात विहिरीच्या क्षारांनी निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. इंजिन गरम असताना जाळीवर जिथे थंड पट्टा लागतो, तिथल्या नळ्या बंद समजाव्यात. मात्र हात लावण्याआधी इंजिन बंद करावे. नवी जाळी आणि कव्हर बसवल्यावर तोच घाट तीच गाडी माल भरून चढली.

झाकणही महत्त्वाचे आहे. ७ पौंड दाबाच्या झाकणाने पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. पण कमजोर रेडिएटरवर जास्त दाबाचे झाकण घातले तर सांधे फुटतात. पाणी भरण्याचे तोंड इंजिनाच्या माथ्यापेक्षा वर असावे, नाहीतर हवा अडकते. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा इलाज नव्हे. क्षाराच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट वापरावे. खाऱ्या हवेने जाळीच्या पातळ पाकळ्या खराब होतात, म्हणून त्या अधूनमधून गोड्या पाण्याने धुवाव्यात. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

शेवटी कागदपत्रे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेणला आहे. तिथे आधी चौकशी करावी, मगच गाडी खोलावी. कागदावर एक इंजिन आणि गाडीत दुसरे असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

कापड फाडण्याआधी आपण दोनदा मोजतो. इंजिनाच्या बाबतीतही तेच करावे.