आपोआप गिअर बदलणाऱ्या जुन्या मालमोटारीचे दोष कसे ओळखावे?

आपल्याकडील जुन्या मालमोटारींत गिअर हातानेंच बदलावा लागतो. अमेरिकेंत मात्र शेतकऱ्याच्या हलक्या मालमोटारींतही आपोआप गिअर बदलणारी पेटी फार पूर्वीं आली. जनरल मोटर्स कंपनीची ‘हायड्रा-मॅटिक’ पेटी प्रथम १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत मिळूं लागली व १९५४ सालच्या शेव्हरोले मालमोटारींतही ती आली. १९६४ सालीं निघालेली तीन गिअरांची ‘टर्बो हायड्रा-मॅटिक ४००’ ही पेटी पुढें मालमोटारींत पुष्कळ वर्षें बसविली गेली, व अशा जुन्या गाड्या तिकडे अजूनही वापरांत आहेत. क्लचचें पेडल नसलेल्या मोटारी आतां आपल्याकडेही दिसूं लागल्या आहेत. तेव्हां अशा पेटीचें काम कसें चालतें व तिचा दोष कसा शोधावा, हें या ‘४००’ पेटीच्या उदाहरणानें आम्ही येथें सांगतों.

या पेटींतील दांत्यांचीं चाकें सदैव एकमेकांत गुंतलेलीं असतात. पंपानें निर्माण केलेला तेलाचा दाब क्लचच्या चकत्या आवळतो अथवा सोडतो आणि त्यायोगें गिअर बदलतो. तो केव्हां बदलावा हें ठरण्यास दोन बातम्या लागतात. गाडीचा वेग किती, हें गव्हर्नर कळवितो. इंजिनावर भार किती, हें मॉड्युलेटर कळवितो. मॉड्युलेटर म्हणजे रबरी पडदा असलेला पत्र्याचा लहान डबा. तो एका नळीनें इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळाशीं जोडलेला असतो. भार नसतांना ही ओढ जोराची असते, भार पडतांच ती मंदावते. वेगाची बातमी भाराच्या बातमीवर वरचढ झाली म्हणजे पुढचा गिअर पडतो.

खालून येणारा अहवाल चुकला कीं वरचा हुकूम चुकतो, हें महसुलाच्या दफ्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस नवें नाहीं. या पेटीचेंही तसेंच आहे. गिअर नीट पडत नाहीं म्हणून पेटीच बिघडली असें मानून ती उघडण्यास द्यावी, तर खर्च मोठा येतो आणि ऐन सुगींत गाडी अडकून पडते. दोष पुष्कळदां एका हातभर रबरी नळींत असतो. यास्तव पुढील क्रमानें परीक्षा करावी.

पहिली परीक्षा तेलाची. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना अडण्या लावाव्या, हातब्रेक ओढावा, इंजिन व पेटी चांगली तापूं द्यावी, दांडा ‘पार्क’वर ठेवावा आणि इंजिन चालूं असतांनाच डिपस्टिक पाहावी. तिच्यावरील दोन खुणांमधील अंतर सुमारें अर्धा लिटर तेलाचें असतें. म्हणून तेल थोडथोडें घालावें. तेल कमी पडलें तर पंप हवा ओढतो व क्लच घसरतो. जास्त झालें तर त्याला फेस येतो आणि दोष तोच दिसतो. चांगलें तेल तांबडें असतें. तें काळपट होऊन त्यास करपल्याचा वास येत असेल तर चकत्या जळाल्या असें समजावें. तेथें बाहेरच्या जुळणीनें काहीं साधत नाहीं.

दुसरी परीक्षा नळीची. गिअर उशिरां व धक्का देऊन पडत असेल तर नळी दोन्ही टोकांस चाचपून पाहावी. ती तडकली असेल तर ओढ मॉड्युलेटरपर्यंत पोंचत नाहीं. गाडी रिकामी असूनही भार मोठा आहे असें पेटीस वाटतें. मापक लावल्यास निरोगी इंजिनाची ओढ मंद गतींत सामान्यतः १७ ते २१ इंच पारा भरते. इंजिनापाशींच ती कमी असेल तर दोष इंजिनाचा. पेटीस हात लावूं नये.

तिसरी परीक्षा पडद्याची. मॉड्युलेटरवरील नळी काढावी. तींत तेल आढळल्यास पडदा फाटला आहे. अशा वेळीं इंजिन पेटीचें तेल पितें, मागून पांढरा धूर निघतो व कोठेंही गळती नसतां तेल घटतें. मॉड्युलेटर एकाच बोल्टानें धरलेला असतो, तो बदलावा.

चौथी परीक्षा तारेची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असतां खालचा गिअर पडावा म्हणून या पेटीस विजेची तार असते. तिचा स्विच अडकून राहिल्यास गिअर फार उशिरां पडतो. तार सोडून गाडी चालवावी. गिअर वेळेवर पडूं लागला तर दोष स्विचाचा. गाडी पहिला गिअर सोडीतच नसेल तर पांचव्या परीक्षेस गव्हर्नर पाहावा. त्याचें नायलॉनचें दांतेरी चाक झिजतें. पेटी न उतरवितां तें तपासतां येतें.

हें सर्व झाल्यावरच जुळणी. काहीं मॉड्युलेटरांत नळीच्या तोंडाआंत लहान स्क्रू असतो. तो उजवीकडे फिरविल्यास गिअर उशिरां व घट्ट पडतो, डावीकडे फिरविल्यास लवकर व मऊ. एका वेळीं एकच फेरा द्यावा, त्याच रस्त्यावर तितक्याच भारानें गाडी चालवून पाहावी आणि वहींत नोंद करावी.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. गिअर लोण्यासारखा पडावा या हौसेनें स्क्रू डावीकडे सैल करीत जाऊं नये. त्यानें दाब घटतो व धान्य भरून चढ चढतांना चकत्या घसरून जळतात. १९८२ सालापासूनच्या ‘७००-आर४’ पेटींत मॉड्युलेटर नसून ॲक्सिलरेटरशीं जोडलेली केबल असते; ती सैल राहिल्यास पेटी थोड्याच प्रवासांत निकामी होते. भाराच्या गाडीस किंचित् घट्ट पडणारा गिअरच हितकर.

इतकें करूनही दोष राहिला तर गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी व आपली वही त्यास दाखवावी, म्हणजे तपासलेलें पुन्हां तपासण्याची मजुरी वांचेल.