सातऱ्यावरचा दिवस

पहाटे साडेचार. भिवापुरात अंधार आहे, पण मिरचीचे देठ खुडणाऱ्या एका बाईची चूल पेटली आहे. घरात गॅस आहे. सिलिंडर आठशेच्या वर गेल्यापासून तो पाहुण्यांच्या चहापुरता. रेशनचं धान्य माणशी ५ किलो, २०२३ पासून मोफत, आणि त्याचा आधार मोठा आहे. तेल, तूरडाळ, मुलीच्या वह्या मात्र दुकानातूनच आणाव्या लागतात.

सात. सातरा म्हणजे वाळल्या मिरचीचे देठ खुडायचं आवार. मे महिना, २०२५. लवकर आलं तर सावलीतली जागा मिळते. तोंडाला ओढणी, पुढ्यात मिरचीचा ढीग. या गावाच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. देठ खुडणाऱ्या बाईला मजुरी मात्र किलोवर. डोळ्यांना डोंगर दिसणारी टोपली काट्यावर ठेवली की भरतच नाही.

अकरा. ऊन चढतं तशी मिरची आणखी सुकते, म्हणजे तेवढ्याच देठांचे पैसे कमी होतात. एकीला ठसका लागतो आणि तो सगळ्या रांगेत फिरतो. हात थांबत नाहीत.

एक. ती डबा चमच्याने खाते. बोटं तोंडाजवळ नेण्याची सोय नाही. मी रोजगार हमीचा विषय काढते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२५ पासून तिथला दर ३१२ रुपये होता. इथे तेवढे पडतात का?

“सगळ्याच दिवशी नाही पडत ताई. हात चालला तर. अन् ते काम सदा निघते का?”

तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम १७ होतं: एखाद्या कामाला नगाचा नव्हे, वेळेचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावर राबणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नव्हतं. म्हणजे घड्याळ मोजायचं, काटा नव्हे. मला हे कलम फार मोलाचं वाटतं, आणि आवारात ते कुणालाच ठाऊक नाही याचा राग येतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचा हिशेब मांडला तेव्हा कमावत्या पुरुषाची गरज १ धरली, बायकोची ०.८, दोन मुलांची प्रत्येकी ०.६. एका कमाईत अशा तीन एककांची गरज भागावी, असा तो मेळ. या रांगेतल्या कितीतरी घरांत कमावती तीच आहे.

सहा. वजन. वहीत आकडा पडतो. तो ती स्वतः वाकून बघते, मग पुढची सरकते. वाटेत किराणा दुकान. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यात आले की आधी इथली उधारी वळती होते.

आठ. हाताला तेल चोळून झालं, दोनदा धुऊन झालं, तरी आग जात नाही. धाकटा झोपेला आलाय आणि मांडीवर चढतो.

“लेकराच्या डोयाले हात लागाचं भेव लागते,” ती म्हणते, आणि तळवे हवेत धरून त्याला कोपरांनी जवळ ओढते.