रसायन जाणणारा आर्चबिशप

एल साल्वादोरचे आर्चबिशप म्हटले की आठवतात ते ऑस्कर रोमेरो. 24 मार्च 1980 रोजी मिस्सा सुरू असताना त्यांना गोळी घातली गेली, 2018 साली ते संत झाले. गेली पंधरा-वीस वर्षे त्यांच्याविषयी मिळेल ते मी वाचत आलो आणि त्या वाचनात एक नाव दर वेळी खटकायचे : फर्नांदो साएन्स लाकाये. स्पेनच्या नवार्रा भागातले, ओपुस देई या कर्मठ संघटनेचे, काही काळ लष्कराच्या धर्मप्रांताची जबाबदारी सांभाळलेले. 1995 मध्ये ते सॅन साल्वादोरचे आर्चबिशप झाले तेव्हा रोमेरोंची वाट आता बुजणार, अशी अनेकांना धास्ती वाटली. मीही त्यांना त्याच रकान्यात टाकले होते. मग सोन्याच्या खाणींविरुद्धचे 2007 सालचे एक पत्रक वाचनात आले आणि मला मत बदलावे लागले.

देश केवढा, तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जेमतेम सवापट. ग्वाटेमालात उगम पावलेली लेम्पा नदी होंडुरासच्या कोपऱ्यातून वाहत इथे शिरते आणि प्रशांत महासागराला मिळते. राजधानीच्या मोठ्या भागासह देशातल्या बहुसंख्य लोकांची तहान तिच्यावर भागते. बाकी ओढेनाले आधीच नासलेले. भूपृष्ठावरचे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी दूषित असल्याचे सांगितले जाते. आणि सोने सापडले ते नेमके या लेम्पाच्या खोऱ्यात, उत्तरेच्या डोंगराळ काबान्यास प्रांतात. पॅसिफिक रिम या कॅनडातल्या कंपनीने 2004 मध्ये तिथे खाणीच्या परवान्यासाठी अर्ज केला. भागभांडवल, शेअरचे भाव, रोजगाराची आश्वासने हा सगळा तपशील कंटाळवाणा आहे. तो सोडून देतो.

साएन्स लाकाये पुरोहित होण्याआधी सारागोसा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले होते, ही गोष्ट या कहाणीत सगळ्यात मोलाची. अशा खडकातला सोन्याचा कण बहुतेकदा डोळ्यांना दिसत नाही. खडक पिठासारखा दळायचा, त्यावर सोडियम सायनाइडचे पातळ द्रावण सोडायचे, सोने त्यात विरघळले की ते वेगळे काढायचे, अशी रीत. उरतो तो गाळ. कोलारच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या, पण त्या गाळाचे डोंगर गावाला चिकटून अजून उभे आहेत. दुसरी भानगड त्याहून चिवट. जमिनीच्या पोटातला गंधकयुक्त खडक हवा-पाण्याला उघडा पडला की गंधकाम्ल तयार होते आणि ते खडकातले लोखंड, आर्सेनिक सोडवून ओढ्यात आणते. खाण बंद केली तरी ही क्रिया थांबत नाही. एल साल्वादोरला याचा पुरावा परदेशात शोधायची गरज नव्हती. पूर्वेला सांता रोसा दे लिमाजवळच्या सान सेबास्तियान खाणीतले काम कधीच थांबले आहे, तरी तिथल्या ओढ्याचे पाणी नारिंगी वाहते आणि तळाच्या दगडांवर गंजाची साय धरते.

आंदोलक हे आधीपासून सांगत होते. 2005 मध्ये त्यांनी खाणविरोधी राष्ट्रीय मंचही उभारला होता. पण ते पडले डावे. सायनाइड म्हणजे काय हे ठाऊक असलेला सनातनी आर्चबिशप तेच बोलू लागला, तेव्हा ऐकणारे कान बदलले. 2007 च्या पत्रकावर देशातल्या बिशपांच्या सह्या आहेत आणि तारीख आहे 3 मे. त्या दिवशी तिथे क्रुसाचा सण असतो. पावसाच्या तोंडावर घरोघरी लाकडी क्रूस उभा करून त्याला रंगीत कागद आणि हंगामातली फळे वाहतात. पत्रकाचे शीर्षक ‘सर्वांच्या घराची काळजी घेऊया’. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आपल्या सामायिक घराविषयी बोलते, पण ते आले 2015 मध्ये, आठ वर्षांनंतर. छोटेखानी पत्रक, त्यात काव्य नाही. सायनाइड, पाणी, लहानशा देशातली दाट वस्ती, आणि माणसाच्या जिवापुढे कोणताही फायदा तोलायला नकार. पुढल्या वर्षी अध्यक्ष अंतोनियो साका यांनी परवाने रोखले. साका उद्योगधार्जिण्या आरेना पक्षाचे होते. माझ्या मते हे वळण त्या पत्रकाशिवाय आले नसते.

किंमत मात्र बिशपांनी मोजली नाही, गावकऱ्यांनी मोजली. काबान्यासमधल्या सान इसिद्रोचे शिक्षक मार्सेलो रिवेरा जून 2009 मध्ये बेपत्ता झाले. त्यांचा छळ झालेला मृतदेह विहिरीत सापडला. त्याच डिसेंबरात खाणीला विरोध करणाऱ्या आणखी दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यातल्या दोरा अलिसिया सोर्तो आठ महिन्यांच्या गरोदर होत्या. परवाना न मिळाल्याबद्दल कंपनीने देशाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादापुढे कोट्यवधी डॉलरचा दावा लावला. ऑक्टोबर 2016 मध्ये ती हरली आणि खर्चापोटी 80 लाख डॉलर देण्याचा आदेश झाला.

आता नुसते परवाने रोखून भागणार नव्हते, कायदा हवा होता. साएन्स लाकाये 2008 मध्ये निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेले होसे लुइस एस्कोबार आलास हेही कुणी क्रांतिकारक नव्हेत. कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवरची चित्रकार फर्नांदो योर्त यांची रंगीत फरशांची कलाकृती 2011 च्या अखेरीस फोडली गेली ती यांच्याच कारकिर्दीत. ते मला अजून सलते. पण फेब्रुवारी 2017 मध्ये हेच आर्चबिशप कायद्याचा मसुदा घेऊन विधानसभेत गेले. सोबत जेझुइटांच्या मध्य अमेरिकी विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या विद्यापीठात 1989 मध्ये सैनिकांनी सहा जेझुइटांना ठार केले, तेच हे विद्यापीठ. रोमेरोंचे वारसदार आणि त्यांना बिचकणारे, दोघांची सही एका कागदावर आली. मार्चमध्ये मोर्चा निघाला. पॅसिफिक रिमला पुढे विकत घेणाऱ्या कंपनीची खाण आपल्या प्रांतात अनुभवलेले फिलिपिन्समधले गव्हर्नर कार्लोस पादिया साक्ष द्यायला आले. 29 मार्चला 84 जणांच्या सभागृहात कायद्याच्या बाजूने 69 मते पडली, विरोधात एकही नाही. धातूंच्या खाणींवर सरसकट बंदी घालणारा हा जगातला पहिला देश ठरला.

ही बंदी पावणेआठ वर्षे टिकली. अध्यक्ष नायिब बुकेले यांनी ती निरर्थक ठरवली आणि 23 डिसेंबर 2024 रोजी, नाताळाच्या तोंडावर, 60 पैकी 57 सदस्यांनी ती उठवली. नव्या कायद्यात पाऱ्याला मनाई आहे. पाऱ्याला मनाई म्हणजे पाण्याला संरक्षण, हा युक्तिवाद मला फसवा वाटतो, कारण गंधकाम्लाला पारा लागत नाही. सारागोसात शिकलेल्या त्या रसायनज्ञाने तो क्षणभरही ऐकून घेतला नसता, पण साएन्स लाकाये 2022 मध्येच वारले होते.

चर्चने पुन्हा धर्मग्रामांतून सह्या गोळा केल्या. मार्च 2025 मध्ये बिशपांनी त्या विधानसभेच्या दारात नेऊन दिल्या. सुमारे दीड लाख सह्या होत्या, मागणी एकच : 2017 चा कायदा परत द्या.