सौदीत सरकारी खात्याविरुद्ध दाद कुठे मागायची?

सरकारी खात्यानेच अन्याय केला तर जायचं कुणाकडे? सौदी अरेबियात त्यासाठी ‘दीवान अल-मजालिम’ आहे. १९५५ मध्ये सुरू झालेला हा दीवान १९८२ मध्ये स्वतंत्र होऊन थेट बादशाहच्या अखत्यारीत आला. २००७ च्या सुधारणेने त्याच्या तीन पायऱ्या ठरल्या: प्रशासकीय न्यायालय, अपील न्यायालय आणि सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय. व्यापारी खटले सामान्य न्यायालयांकडे गेले.

आपल्या कोकणातली कित्येक घरं तिथल्या पगारावर चालतात. म्हणून एक फरक आम्ही मुद्दाम सांगतो. खासगी कफीलने पगार अडवला, तर आधी कामगार खात्यात तक्रार, मग कामगार न्यायालय. सरकारी खात्याच्या निर्णयाविरुद्ध मात्र दीवान. चुकीचं दार ठोठावलं, तर हक्क असूनही वेळ हातातून जातो.