रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, रसायनशास्त्र नव्हे. तरी आज सांडपाण्यावर बोलणार आहे. कारण ‘दिसते तेच असते का’ हा आमचा जुना प्रश्न इथे थेट नाल्याच्या काठावर भेटतो.

इचलकरंजीच्या कापड कारखान्यांचे रंगीत पाणी पंचगंगेत जाते, म्हणून लोक ओरडतात. ओरडायलाच हवे. पण आपल्या नगर जिल्ह्याकडे बघा. संगमनेर, राहाता, राहुरी हा सगळा दुधाचा पट्टा. गायीला दगडी झाली, म्हणजे कासदाह, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. औषध दुधात उतरते, म्हणून काही दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते. मग ते जाते कुठे? बहुधा गटारीत. या पाण्याला रंग नाही, म्हणून ओरडही नाही. तिथल्या जिवाणूंना मात्र औषधाची सवय होत जाते, आणि पुढे तेच औषध माणसाला लागू पडेनासे होते.

नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात घाण खायचे काम जिवाणूच करतात. जिवाणू मारणारे औषध त्यांनाच खायला घालायचे, अशी गंमत आहे! हैदराबादजवळच्या पाटणचेरूत अशा केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून प्रकाश-उत्प्रेरकांकडे लक्ष गेले. टायटॅनियम डायऑक्साइड ही भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. तिच्यावर अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पातळीवर जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, तर उडालेला इलेक्ट्रॉन विरघळलेल्या प्राणवायूला चिकटतो. त्यातून हायड्रॉक्सिल मूलकासारखे अतिशय आक्रमक कण तयार होतात. ते रंग बघत नाहीत, औषध बघत नाहीत. समोर येईल तो रेणू तोडतात. पूड स्वतः खर्च होत नाही. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले, तिथून हे संशोधन वाढले.

अडचणी आहेतच. या पुडीला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या लहरी लागतात, आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. पाणी गढूळ असेल तर तोही आत पोचत नाही. शिवाय बारीक पूड नंतर गाळून काढायची कशी?

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. प्रयोगशाळेत सहसा मेथिलीन ब्लू घेतात, उन्हात ठेवतात, निळा रंग गेला की यश लिहितात. आता शाळेतली निळी बाटली आठवा. ग्लुकोज आणि अल्कली घातलेल्या पाण्यात मेथिलीन ब्लू टाकायचा. बाटली ठेवून दिली की पाणी रंगहीन, हलवली की पुन्हा निळे! रंगद्रव्य कुठे गेलेच नव्हते, त्याने फक्त रूप बदलले होते.

औषधाचेही तसेच. मूळ रेणू तुटला तरी त्याचे तुकडे उरतात, आणि एखादा तुकडाही जिवाणूंना मारत असू शकतो. म्हणून संशोधकाला आपण तीन गोष्टी विचाराव्यात. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला? जिवाणूंच्या ताटलीत त्या पाण्याचा थेंब टाकल्यावर काय झाले? आणि हा प्रयोग नळाच्या स्वच्छ पाण्यात केला, की गोठ्यामागच्या नाल्यातल्या?