संगणकाची वाट कोठें अडते?

जून महिन्याचे दिवस असतात. लोहगड व विसापूर ढगांत बुडालेले असतात. आणि पायथ्याच्या भाजे गांवीं दहावी उत्तीर्ण झालेली एखादी मुलगी संगणकापुढें खोळंबून बसलेली असते. २०२५ सालापासून सबंध महाराष्ट्रांतील अकरावीचा प्रवेश संगणकाद्वारें होऊं लागला आहे. अर्जाची मुदत संध्याकाळीं संपावयाची, आणि पडद्यावर ‘इंटरनेट नाहीं’ एवढींच अक्षरें! अशा वेळीं घरांतील मंडळी एकदम चार उपाय आरंभितात. कोणी वायर ओढतो, कोणी पासवर्ड बदलतो. त्यामुळें मूळचा दोष सांपडत नाहींच. उलट एकाचे दोन होतात.

नळास पाणी आलें नाहीं, तर शहाणा मनुष्य प्रथम तोटी पाहतो, मग घरची टांकी, आणि नंतर गांवच्या पाइपाची चौकशी करतो. येथेंहि तोच क्रम लागू पडतो. संदेशाची वाट संगणकापासून राउटरपर्यंत, तेथून केबलीनें कंपनीच्या केंद्रापर्यंत आणि पुढें जगाच्या जाळ्यांत जाते. ती कोणत्या टप्प्यावर अडली, एवढेंच शोधावयाचें असतें.

पहिला प्रश्न असा कीं, अडचण एकट्या संगणकाची कीं सर्व घराची? मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायवर चालतो काय, तें पाहावें. चालला, तर दोष बहुधा संगणकांतच आहे. न चालला, तर संगणकास तूर्त हात लावण्याचें कारण नाहीं. ह्या एका परीक्षेनें निम्मी वाट शोधांतून वगळली जाते.

अडचण सर्व घराची असेल, तर राउटरचे दिवे पाहावे. वीज जाऊन आली असल्यास राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानें पुन्हा सुरू करावा व कांहीं मिनिटें थांबावें. हल्लीं पुष्कळ घरीं येणारी केबल कांचेच्या बारीक तंतूची असते. तींतून विजेऐवजीं प्रकाश धांवतो. तो पोंचला नाहीं, कीं ‘एलओएस’ अक्षरांचा तांबडा दिवा लागतो. केबल दाराखालीं चेंगरली किंवा दुमडली आहे काय, तें पाहावें. कारण तंतु फार वांकला, कीं प्रकाश बाहेर निसटतो. केबल ठीक असूनहि दिवा तांबडाच राहिला, तर कंपनीस कळवावें. तुटक्या टोंकांत मात्र डोकावूं नये; तो प्रकाश दिसत नाहीं, तरी डोळ्यास अपाय करूं शकतो.

दोष संगणकांत असेल, तर ‘एअरप्लेन मोड’ चुकून सुरू झाला आहे काय आणि आपल्याच वाय-फायचें नांव निवडलें आहे काय, हें प्रथम पाहावें. नंतर सेटिंग्जमध्यें संगणकाचा अंकी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ह्या अंकांनीं सुरू होत असेल, तर संगणकानें राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर मिळालें नाहीं आणि त्यानें स्वतःच एक पत्ता धारण केला, असें समजावें. तेव्हां जोडणी तोडून पुन्हा जोडावी, किंवा वायरनें जोडून पाहावी.

पत्ता ठीक असून कोणतेंच संकेतस्थळ उघडत नसेल, तर नांवांच्या व्यवस्थेकडे वळावें. यंत्रें एकमेकांस अंकांनीं ओळखतात; नांवावरून अंक शोधून देणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं १९८३ सालीं रचली. ती बंद पडली, तर रस्ता मोकळा असूनहि घर सांपडत नाहीं. संगणकाची तारीख चुकलेली असली, तरीहि सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत. मात्र इतर सर्व उघडून प्रवेशाचेंच तेवढें अडत असेल, तर दोष बहुधा घरांत नाहीं. तेथें गर्दी झाली असावी.

श्रोत्यांनीं दोन पथ्यें पाळावीं. एका वेळीं एकच बदल करावा व तो कागदावर टिपून ठेवावा. राउटरच्या छिद्रांतील ‘रीसेट’ बटण उगीच दाबूं नये. त्यानें कंपनीनें केलेली सर्व मांडणी पुसली जाते.

आणि मुदत जवळ आली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अर्ज आधीं भरावा. डोंगराच्या आडोशास लहरी क्षीण झाल्या, तर मळवली स्थानकाच्या बाजूस मोकळ्यावर जावें. संगणक उद्यां दुरुस्त होईल. मुलीची संधि उद्यांपर्यंत थांबणार नाहीं.